गाडी दारात असताना बसने का जातेस?

या वेळचं पत्र:

"ताई, सात वर्षं एकाच रस्त्याने घर-ऑफिस करतेय, स्वतःच्या गाडीने. मध्ये गाडी गॅरेजला अडकली, पार्ट मिळत नव्हता, म्हणून नाइलाजाने बस, पायपीट, मैत्रिणीची सायकल असं जे मिळेल त्याने फिरले. आणि काय सांगू, ऑफिसच्या मागे एक जिना आहे तो थेट वरच्या रस्त्याला निघतो हे मला सात वर्षांत माहीतच नव्हतं! गाडीने त्याच वळशाला पंधरा मिनिटं जायची. आता गाडी परत आलीये पण जुन्या रस्त्याला लागायचं मन होत नाही. नवरा म्हणतो हे फॅड आहे, चार दिवसांत उतरेल. ऑफिसात एकीने तर हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, म्हणजे पैशाचं वगैरे. खरंच फॅड आहे का हे? आणि नसेल तर माझ्या नजरेतून असं अजून काय काय सुटलंय ते शोधायचं कसं? ॲप तर तेच तेच दाखवतं.
– गाडीवाली (सध्या अर्धीच)"

अगं अर्ध्या गाडीवाले,

आधी नवऱ्याचं बघू, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. बहुतेकांचं उतरतंच. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनला भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला होता, सगळी स्टेशनं बंद नव्हती, पण बरीच होती, त्यामुळे झालं असं की एरवी डोळे मिटून ऑफिसला पोचणाऱ्या पुष्कळ माणसांना त्या दोन दिवसांत दुसरा कुठला तरी रस्ता शोधावा लागला. नंतर काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासाच्या कार्डांचा डेटा घेऊन बघितलं की संप मिटल्यावर ही मंडळी काय करतात. बहुतेक सगळी गुपचूप जुन्या रस्त्याला. पण साधारण ५ टक्के लोक परत आलेच नाहीत, नव्या रस्त्यालाच चिकटले. ५ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण ही रोजची माणसं होती गं, घाईतली, शहर पाठ असलेली, कुठल्या डब्यात चढलं की जिन्यासमोर उतरतो हेसुद्धा माहीत असलेली, आणि त्यांच्यातल्या दर वीस जणांत एकाला दोन दिवसांत कळलं की आपल्याला दुसराच रस्ता बरा पडतो. संप झाला नसता तर हे ५ टक्के आजही जुन्याच रस्त्याने जात असते. तुझ्या गाडीचा पार्ट मिळाला नाही तो तुझा संप समज.

त्यामुळे फॅड आहे का नाही हे तुझ्या उत्साहावरून ठरवू नको, उत्साह उतरणारच आहे, नवऱ्याला तेवढा मुद्दा देऊन टाक. तो जिना रोज तुझी दहा मिनिटं वाचवत असेल तर उत्साह गेल्यावरही वाचवेल, आणि नसेल वाचवत तर सोडून दे, त्यात हरल्यासारखं काही नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीला मात्र लांबलचक काही सांगत बसू नकोस, पर्यावरण आणि तब्येत आणि अमुक तमुक, लोकांना ते लेक्चर वाटतं आणि मग अजूनच संशय येतो. "अगं हा रस्ता लवकर पोचवतो" एवढं बास.

आता तुझा खरा प्रश्न, सुटलेलं शोधायचं कसं. त्याच लंडनच्या अभ्यासात एक फार मजेशीर गोष्ट आहे. जिथे रेल्वेच्या नकाशातलं अंतर प्रत्यक्ष अंतराच्या मानाने जास्त फसवं होतं, तिथल्या लोकांना संपाचा फायदा जास्त झाला. तो नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हातात आला, सगळ्या रेषा सरळ नाहीतर तिरक्या, स्टेशनं सुबक अंतरावर, बघायला इतका सोपा की पुढे जगभरच्या शहरांनी तीच पद्धत उचलली. फक्त त्यात खरं अंतर कुठेच नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं एकमेकांपासून जेमतेम २६० मीटरवर आहेत, खाली उतरा, गाडीची वाट बघा, पुन्हा वर या, यापेक्षा सरळ चालत गेलेला माणूस आधी पोचतो, पण नकाशात तो एक पूर्ण स्टॉप दिसतो म्हणून लोक तिकीट काढून जातात. शेवटी २०१५ मध्ये तिथल्या वाहतूक खात्यानेच कोणत्या स्टेशनवरून कोणत्या स्टेशनला चालत किती मिनिटं लागतात याचा वेगळा नकाशा काढला.

तुझ्या डोक्यातही असाच एक नकाशा आहे आणि तो तू गाडीच्या सीटवर बसून काढलायस. त्यात वन-वे आहेत, यू-टर्न आहेत, सिग्नल कुठे लांबतो ते आहे, पार्किंग कुठे मिळतं ते तर अगदी ठळक आहे, पण जिना नाही, कारण गाडीला जिन्याचा काय उपयोग. दोन इमारतींमधली बोळ नाही, बागेच्या मागचं छोटं गेट नाही, कालव्याकाठची पायवाट नाही. तुझी नजर कच्ची होती असं नाही, गाडीतून ते दिसतच नाही. म्हणून "आता मी सगळीकडे नीट लक्ष देणार" असं ठरवून फारसं काही होत नाही, वेगळ्या साधनाने गेलं की आपोआप वेगळं दिसतं. तेव्हा एकदा मुद्दाम चाल. सायकलवर तर चढ कुठे आहे हे पायांनाच कळतं. गाडीत तो चढ एक गिअर बदलला की संपला. सॅन फ्रान्सिस्कोत, त्या टेकड्यांच्या शहरात, सायकलवाल्यांचा एक प्रसिद्ध रस्ता आहे, त्याला विगल म्हणतात, नुसता डावीकडे उजवीकडे वळत जातो, नकाशावर बघितलं तर वाटेल कुणी चुकलंय की काय, पण तो सगळे मोठे चढ चुकवत टेकड्यांच्या मधून बरोबर सपाटीने काढतो. गाडीवाल्याला तो रस्ता सुचायचं कारणच नाही.

ॲपचं म्हणशील तर ॲप खोटं बोलत नाही, पण ते आधी विचारतं कशाने जाणार आणि मग दाखवतं. तू एकदा गाडीचं चिन्ह दाबून ठेवलंस की सात वर्षं ते गाडीचंच उत्तर देणार. एक साधं काम कर, नेहमीच्या दोन ठिकाणांसाठी चालण्याचं, सायकलचं, बसचं अशी सगळी चिन्हं एकेकदा दाबून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. आणि मग रूट बंद करून नुसता नकाशा झूम करून बघ, जिथे दोन बंद गल्ल्यांची टोकं एकमेकांच्या अगदी जवळ येऊन थांबलीत तिथे बोट ठेव. गाडीसाठी तो डेड एंड, पण चालणाऱ्यासाठी तिथे बऱ्याचदा फट असते, पायऱ्या असतात, नाहीतर निदान वर्षानुवर्षं लोकांनी चालून पाडलेली वाट. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून एक नकाशा आहे, लोकच तो भरतात, त्यात पायऱ्या आणि पायवाटा वेगळ्या रेघांनी दाखवतात, तोही उघडून बघ. अर्थात तिथेही कुणी भरलं असेल तरच दिसणार.

आणि जे कुठल्याच नकाशात नसतं तेही चालू असतंच की. नैरोबीत पुष्कळ लोक मटाटूने फिरतात, म्हणजे खाजगी मिनीबस, आणि अगदी अलीकडेपर्यंत त्यांच्या रूटचा धड नकाशाच नव्हता. मग तिथल्या विद्यापीठातले विद्यार्थी फोन हातात घेऊन त्या गाड्यांमधून फिरले, थांबे नोंदवले, आणि २०१४ मध्ये रेल्वेच्या नकाशासारखा रंगीत नकाशा तयार झाला. पण नकाशा नव्हता तेव्हाही लोक रोज बरोबर पोचतच होते ना, एकमेकांना विचारून. तुझ्या शहरातही शेअर टॅक्सी, कंपन्यांच्या बस, एखादी होडी, असं काही ना काही असेल जे ॲपला माहीतच नाही.

विचारायचं कसं ते मात्र सांगते, कारण इथे बहुतेक जण चुकतात. "तिकडे कसं जायचं?" असं विचारलं की समोरचा आधी तुझ्या हातातली गाडीची किल्ली बघतो आणि मोठ्या रस्त्याने सिग्नलवरून डावीकडे असं काहीतरी सांगतो. त्यापेक्षा विचार, "तुम्ही कसे येता?" या प्रश्नाला वेगळीच उत्तरं मिळतात. ऑफिसातली सफाईवाली, सिक्युरिटीवाले, पोस्टमन, पार्सल पोचवणारी मुलं, शाळेत चालत जाणारी पोरं, यांना शहराच्या ज्या वाटा माहीत असतात त्या मॅनेजर लोकांना रिटायर होईपर्यंत कळत नाहीत. तुझ्या त्या जिन्यावरून रोज कितीतरी माणसं जात असणार, तुला एकटीलाच तो शोध वाटला बरं का.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, जुन्या रस्त्याला लागायचं मन होत नाही. म्हणजे तू अजूनही "रस्ता" एकच धरलायस, जुना की नवा. गाडीने जाणाऱ्यांना ही सवय लागते आणि त्याचं कारण साधं आहे, गाडी म्हणजे बरोबर घेतलेलं लहान मूल, नेलंस की परत आणावंच लागतं. सकाळी गाडी नेली की संध्याकाळही ठरून गेली, जिथे लावलीस तिथेच यायचं, तिथूनच निघायचं, मध्ये मैत्रीण भेटली आणि म्हणाली चल माझ्याबरोबर तर गाडीचं काय करू. आपण म्हणतो गाडीमुळे कुठेही जाता येतं, आणि येतंच, पण जिथे लावली तिथे परत यावं लागतं हे त्यातच आलं. गाडी नसली की जाणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी होतात. सकाळी घाई असते, उतार असतो, ऊन नसतं, तर चालत जा. संध्याकाळी दमलेली असतेस, हातात पिशवी असते, तर बसने ये. बहिणीकडे जायचं असेल तर तिसरीकडूनच जा. तुला नवा रस्ता मिळाला नाहीये, तुझ्या एका प्रवासाचे दोन झालेत, आणि प्रत्येकासाठी दोन-तीन पर्याय, म्हणजे हिशोब कर किती जोड्या होतात.

हाँगकाँगचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. तिथे डोंगरउतारावर उघड्यावरच सरकत्या जिन्यांची आणि सरकत्या वाटांची एक रांग आहे, जवळपास ८०० मीटर लांब, १९९३ मध्ये सुरू झाली. सकाळी ती खाली जाते, लोकांना कामाला सोडते, आणि दहानंतर उलटी होऊन वर चढायला लागते ती रात्रीपर्यंत. म्हणजे सकाळी आठला तुला वर जायचं असेल तर तो जिना तुझ्या कामाचा नाही, बाजूच्या पायऱ्या चढ. सगळ्याच शहरांतल्या वाटा थोड्याफार अशाच असतात, कुठली कधी कामाची ते वेळेवर ठरतं, फक्त तिथे ते मशीनने डोळ्यांना दाखवलंय. तुझा जिना सकाळी उतरायला छान असेल, संध्याकाळी तोच चढताना कदाचित शिव्या घालशील.

वेळ मोजशील तेव्हा दारापासून दारापर्यंत मोज. गाडीची वीस मिनिटं म्हणजे आपण फक्त चाकं फिरतात तेवढीच धरतो, पार्किंग शोधणं, तिथून चालत येणं, संध्याकाळी बेसमेंटमधून रांगेत बाहेर पडणं हे कुणीच धरत नाही, आणि बसची मात्र स्टॉपवर उभं राहिल्याचीसुद्धा मिनिटं मोजतो. साधारण माणूस तासाला ५ किलोमीटर चालतो म्हणजे एका किलोमीटरला बारा मिनिटं, सायकल आरामात तिप्पट वेगाने जाते. या दोन आकड्यांवर दोन-तीन किलोमीटरच्या आतली बरीचशी कामं तपासून बघ, नवऱ्यालाही बघू दे, त्याला हिशोब आवडत असेल तर तो स्वतःच येईल तुझ्या बाजूला.

बसचं गणित वेगळं. बस किती जोरात पळते याला फार महत्त्व नाही, ती किती वेळाने येते याला आहे. दर दहा मिनिटांनी नियमित येणारी बस असेल तर वेळापत्रक न बघता गेलीस तरी सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल, पण अर्ध्या तासाने येणारी बस कितीही पळाली तरी ती चुकली की सकाळ गेली. म्हणून थोडं जास्त चालून ज्या रस्त्यावरून चार-पाच रूटच्या बस जातात तिथे जाऊन उभं राहणं पुष्कळदा फायद्याचं, घरासमोरच्या एकुलत्या एक बसची वाट बघण्यापेक्षा. आणि एक, खूप वेळाने एक खचाखच भरलेली बस आली तर लगेच लोंबकळू नकोस, मागे बघ. एक बस जरा लेट झाली की पुढच्या स्टॉपवर जास्त लोक जमलेले असतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती अजून लेट होते, आणि तिच्यामागच्या बसला घ्यायला माणसंच उरत नाहीत म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. त्यामुळे भरलेल्या बसच्या पाठोपाठ रिकामी येते हा काही नशिबाचा भाग नाही, बऱ्याचदा तसंच होतं.

बदलाबदली जितकी कमी तितकं बरं. कागदावर दोन बस बदलून दहा मिनिटं वाचतात आणि प्रत्यक्षात पहिली पाच मिनिटं उशिरा आली की दुसरी गेलेली असते. मी तर एका बसने जमेल तेवढं जाऊन उरलेलं चालायच्या पक्षाची आहे, चालण्याचा वेळ निदान आपल्या हातात असतो. सगळ्यांना हे पटत नाही, गुडघे दुखणाऱ्यांना तर नाहीच, ते ठीकच आहे.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस तरी सांगते. दिवसाची वाट रात्रीची असेलच असं नाही. तो मागचा जिना संध्याकाळी सात वाजता कसा असतो ते एकदा कुणाला तरी बरोबर घेऊन बघून ये, दिवे आहेत का, कुणाच्या खिडक्या तिकडे उघडतात का, वरून कुणी येताना लांबून दिसतं का, मध्येच कुठे बाहेर पडायला वाट आहे का. पटलं नाही तर रात्री तो जिना तुझ्या नकाशातून बाद, पाच मिनिटं वाचवायला तिथून जायचं काही कारण नाही, मग भले ते सगळ्यात जवळचं असो. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, ते तर आलंच.

आणि गाडी विकायची वगैरे भाषा अजिबात करू नकोस, ते तू म्हटलेलं नाहीस पण नवऱ्याच्या मनात बहुतेक तीच भीती आहे. सामान असेल, घरातलं म्हातारं माणूस बरोबर असेल, आडवेळ असेल, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं असेल, तर गाडीच काढ, अपराधी वाटून घ्यायचं काही नाही. फक्त किल्ली उचलायच्या आधी आज जायचंय कुठे, बरोबर काय आहे आणि परत कधी यायचंय एवढं मनात येऊ दे. सध्या ते तुझ्या मनात येतंय, सात वर्षं येत नव्हतं.

लगेच वर्षाचा पास काढू नकोस आणि सायकलही विकत घेऊ नकोस. पास काढला की पैसे वसूल करायला म्हणून माणूस त्याच बसने जात राहतो, म्हणजे पुन्हा एकच रस्ता. महिनाभर सुटी तिकिटं काढ, सायकल मैत्रिणीचीच वापर, भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घे, आणि पावसाचा एक आठवडा आणि कामाचा एक भयंकर आठवडा, असे दोन्ही जाऊ देत. त्यातूनही जे टिकेल त्याचा पास काढ.